बाईंना विचारा : शाळा कॉन्व्हेंटची, संस्कार कुणाचे?

या महिन्याच्या टपालात कॉन्व्हेंट शाळांविषयीची पत्रं इतकी आली की हे सदर त्यांनाच दिलं आहे. मी साताऱ्यात अशाच एका शाळेत मराठी शिकवत निवृत्त झाले. घर वारकऱ्यांचं. त्यामुळे पत्रं लिहिणाऱ्यांची काळजीही मला कळते आणि सिस्टर लोकांचं मनही.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही कोरेगावचे. मुलीला साताऱ्यात कॉन्व्हेंटला छोट्या गटात घालायचं चाललंय. इंग्रजी चांगलं होईल म्हणून मिस्टर तयार आहेत, पण सासूबाई म्हणतात, "तिथं येशूची प्रार्थना म्हणायला लावतात, पोरगी शुभं करोति विसरेल." भावकीतलेही कायबाय बोलतात. माझं मन धजत नाही. काय करू?
— एक आई, कोरेगाव

उत्तर : सासूबाईंना आधी एकदा शाळेत घेऊन जा. भिंतीवर क्रूस असेल, ऑफिसपाशी मरियामातेची मूर्ती असेल, परिपाठाला देवाची प्रार्थना होईल. हे कुणी लपवत नाही आणि लपवूही नये. शाळा ज्या श्रद्धेतून उभी राहिली ती दिसणारच. सक्ती मात्र वेगळी. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सगळ्या शाळांना सूचना दिल्या. आपल्या प्रथा दुसऱ्या धर्माच्या मुलांवर लादू नका, रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्वधर्म प्रार्थनेसाठी खोली ठेवा, असं त्यात आहे. प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिका सिस्टरांना सरळ विचारा, "तुमच्याकडे हे कसं चालतं?" विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही.

आता इंग्रजीचं. इंग्रजी आज कुठेही शिकता येतं. तेवढ्यासाठीच कोरेगाव-सातारा रोजची दगदग लेकराच्या मागे लावू नका. या शाळांचं खरं धन दुसरीकडे आहे, ते सांगते.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला त्यांचा उपवासकाळ येतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, चाळीस दिवसांचा. आमच्या शाळेत तेव्हा प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवायचे. गरजू घरांच्या रेशनसाठी त्यात पैसे टाकायचे. नियम एकच, घरून मागून आणायचे नाहीत. आपण स्वतः काहीतरी सोडायचं आणि त्याचे वाचलेले पैसे टाकायचे. एका वर्षी एका मोठ्या दुकानदाराच्या मुलानं पहिल्याच दिवशी पाचशेची नोट आणली. सिस्टरांनी ती घडी करून त्याच्या कंपासपेटीत परत ठेवली आणि म्हणाल्या, "ही पप्पांची. तुझं काय आहे ते सांग." पोरगा दोन दिवस फुरंगटून बसला. दर शनिवारी तो घरच्यांबरोबर राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खायचा. त्या शनिवारी त्यानं खाल्ली नाही. सोमवारी खोक्यात वीस रुपये टाकले आणि मला म्हणाला, "बाई, सगळे खात होते, मी नुसता बसून होतो." हे सांगताना केवढा ताठ उभा होता! पुढच्या आठवड्यात त्याच्या आजीनं मला मंडईत गाठलं. त्या माळकरी. म्हणाल्या, "हे आमच्या एकादशीसारखंच की हो बाई. पण आमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, तुमची भारी कडक."

तुमच्या सासूबाईंना ही गोष्ट वाचून दाखवा. आपण थोडं कमी खावं आणि ते दुसऱ्याच्या ताटात जावं, हे लेकराला हातानं करायला लावणारी शाळा मिळाली, तर धर्म कुणाचा हा प्रश्न मागे पडतो. साताऱ्याला हे नवीनही नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथं बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, आपली कामं आपण करायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या श्रद्धेची माणसं एकाच गोष्टीपाशी येऊन पोचतात, ती अशी.

आणि शुभं करोति? ते सासूबाईंनीच शिकवायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील असं स्पष्ट म्हटलं आहे. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. माझ्या नोकरीत बिघडलेली पोरं पाहिली ती बहुतेक अशा घरांतली, जिथं "एवढी फी भरतो, संस्कार तुम्हीच करा" असं म्हणून पालक मोकळे झाले होते. दिवेलागणीला आजी नातीला जवळ घेऊन बसत असेल, तर कुठलीही शाळा ते पुसू शकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत, कॉन्व्हेंटमध्ये. मधल्या सुट्टीत मराठी बोलला म्हणून त्याला दहा रुपये दंड केला. भाचीच्या लग्नाची मेंदी हातावर होती म्हणून मुलीलाही ओरडा बसला. आम्ही गप्प बसावं का?
— एक पालक, कराड

उत्तर : गप्प बसू नका. मेंदीचं सोपं आहे. लग्नकार्य, सणवार असला की आदल्या दिवशी डायरीत दोन ओळी लिहून द्या. शिस्तीचा नियम म्हणून शाळा तो पाळते, कारण कळलं की बहुतेक वेळा सोडूनही देते.

मराठी बोलल्याचा दंड मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि मी हे त्या परंपरेचा मान राखूनच म्हणते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ज्याँ बाप्टिस्ट द ला साल या धर्मगुरूनं गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. तेव्हा वाचन लॅटिनमधून सुरू करायची रीत होती. त्यानं ती मोडली आणि मुलांना त्यांच्या बोलीतून, फ्रेंचमधून शिकवलं. १९५० साली पोपनी त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत जाहीर केलं. आपल्याकडे फादर स्टीफन्स. जन्मानं इंग्रज, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, गोव्यात आले आणि १६१६ साली मराठीत ओवीबद्ध ग्रंथ छापला. मराठीची त्यांनी केलेली स्तुती मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. असे पूर्वज असलेल्या शाळेनं मराठीवर दंड लावावा, याचं वाईट वाटतं.

कायद्याचंही सांगते. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. एका हातानं विषय शिकवायचा आणि दुसऱ्या हातानं त्याच भाषेसाठी पैसे घ्यायचे, हे मुलाला काय सांगतं? वर्गात इंग्रजीच बोला, हा आग्रह मी समजू शकते. सवय तशीच लागते. मधली सुट्टी मुलांची असते.

मुख्याध्यापिकांना पत्र लिहा, शुद्ध मराठीत आणि नम्रपणे. त्यात लग्नाचा, मेंदीचा, शेजाऱ्यांच्या मुलाचा विषय घालू नका. एकच मुद्दा ठेवा. आठ-पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय घ्या. त्या बैठकांना पालक जात नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. गॅदरिंगला पहिल्या रांगेसाठी भांडणारे पालक संघाच्या सभेला सहीपुरते येतात. शाळेचं बरंचसं तिथं ठरतं, हे लक्षात घ्या.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आठवड्यातून एकदा माझी बेस्ट फ्रेंड आणि आणखी चारपाच मुली धर्मशिक्षणाच्या तासाला दुसऱ्या वर्गात जातात. आम्हाला तेव्हा मूल्यशिक्षण असतं. त्या तिथं काय शिकतात? मी गेले तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : बायबलमधल्या गोष्टी, येशूची शिकवण, त्यांच्या प्रार्थना, सणांचा अर्थ. काही मुली पुढच्या एखाद्या संस्काराची, म्हणजे चर्चमधल्या विधीची, तयारीही करत असतील. एखाद्या तासाला बसायचं असेल तर आईबाबांना आधी सांग आणि सिस्टरांना विचार. दोघांची हो आली तर जा. मैत्रिणीलाही गणपतीत आरतीला घरी बोलाव. तुझा मूल्यशिक्षणाचा तास मात्र झोपेत घालवू नकोस, तो तुझ्यासाठीच ठेवलेला आहे.

प्रश्न : आम्ही कॅथलिक, सांगलीचे. आमची घरं इथं मोजकीच. मी गॅरेजमध्ये कामाला आहे. आमच्या चर्चची शाळा, पण तिथं डॉक्टर-व्यापाऱ्यांची मुलं जास्त. फी परवडत नाही म्हणून माझी दोन्ही मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत. फादरांकडे जायला संकोच वाटतो. मनात येतं, ही शाळा नेमकी कुणासाठी?
— एक वडील, सांगली

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या मी सोडवून घेते.

दुसऱ्या धर्मांची मुलं तुमच्या शाळेत असणं, यात तुमच्या श्रद्धेचं काही उणं होत नाही. मघाशी म्हटलेल्या १९६५ च्या जाहीरनाम्यातच आहे की ज्या शाळांत कॅथलिक नसलेली मुलंही शिकतात, त्या चर्चला विशेष प्रिय आहेत. आमच्यासारख्या शेकडो घरांना तुमच्या समाजानं जागा दिली. मी विठ्ठलाचं नाव घेत त्या शाळेत नोकरी केली आणि कुणी मला कधी परकं मानलं नाही. हे ऋण मी मोठ्यानं सांगते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तिथं तुमच्या बाजूनं उभं राहणं मला भाग आहे. त्याच जाहीरनाम्यात असंही आहे की जे गरीब आहेत, ज्यांना घरची माया नाही, त्यांची काळजी या शाळांनी खास घ्यायची. सुरुवातच तिथून झाली आहे. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून आहे. ते सुरू करणाऱ्या डॉटर्स ऑफ द क्रॉस या सिस्टरांचा संघ १८३३ साली बेल्जियममधल्या लीज शहरात निघाला. गरीब मुलींना शिकवायचं, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, तुरुंगातल्या बायकांना भेटायचं, अशी त्यांची कामं. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो अरूपे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. समोर बरेचसे सुखवस्तू घरांतले लोक होते. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनीच काढला आणि नाही, असं उत्तरही त्यांनीच दिलं. ऐकणारे अस्वस्थ झाले. तो प्रश्न आज आपल्याकडच्या प्रत्येक कॉन्व्हेंटच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला पाहिजे.

कारण कायदा इथं शाळांवर सक्ती करत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दिला. अनुच्छेद ३० नं आपली शाळा आपण चालवायचा जो हक्क दिला, तो जपण्यासाठी हा निकाल आहे आणि त्या हक्काचा मला आदर आहे. पण जिथं सक्ती नाही तिथंच मनाची कसोटी लागते. माझं म्हणणं असं की कॅथलिक शाळेनं या जागा आपणहून द्याव्यात, तुमच्या मुलांना आणि शेजारच्या झोपडपट्टीतल्या मुलांनाही. पैसे कुठून येणार? माजी विद्यार्थ्यांकडून. साताऱ्या-सांगलीचे किती डॉक्टर, वकील, कारखानदार या बाकांवर बसून गेले! वर्षाला एका मुलाची फी भरणं त्यांना जड नाही. त्यांना कुणी मागितलेलं नसतं, एवढंच. हे वाचत असाल आणि अशा शाळेत शिकलेले असाल, तर आपल्या जुन्या शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारा की यंदा फीविना कोण अडलं आहे.

आता तुम्ही काय करायचं ते. संकोच सोडा आणि फादरांना भेटा. सातारा, सांगली पुणे धर्मप्रांतात येतात. कुठल्या निधीतून मदत होऊ शकते हे फादरांना ठाऊक असतं, पण तुम्ही सांगितल्याशिवाय तुमची अडचण त्यांना कळणार कशी? जाताना दोन्ही मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला आणि बाप्तिस्म्याचे दाखले बरोबर ठेवा. शाळेला वेगळा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पूर्ण फी माफ होईलच असं नाही. निम्मी, हप्त्यानं, पुस्तकं-गणवेश शाळेकडून, असंही विचारा. आणि महापालिकेच्या शाळेतले शिक्षक चांगले असतील, मुलं तिथं रुळली असतील, तर नुसत्या नावासाठी त्यांना उचलू नका. त्यांचं धर्मशिक्षण रविवारी चर्चमध्ये होऊ शकतं.

फक्त अर्ज लवकर द्या, जानेवारी-फेब्रुवारीतच. जूनमध्ये गेलात तर वर्गात जागा उरलेली नसते आणि मदतीचे पैसेही वाटून झालेले असतात.