घराजवळच्या वाचनालयाची वर्गणी भरली आहे, पण पेपर वाचण्यापलीकडे त्याचा उपयोग कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरहून बदली होऊन नागपूरला आलात, घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरली, पण तिथे जाऊन पेपर चाळता, कपाटांवरून नजर फिरवता आणि रिकाम्या हाताने परत येता. मुलगी चौथीत आहे, तिलाही काही मिळेल का, हेही विचारलंय. मी नागपूरची, आणि आमच्या भागातल्या वाचनालयाची जुनी वर्गणीदार. माझा अनुभव असा की आपल्याकडची वाचनालयं मांडून काही दाखवत नाहीत. मागितलं तर मात्र पुष्कळ देतात.

कपाटांचंच बघा. नवं पुस्तक चार-सहा घरं फिरून आलं की बाइंडिंगला जातं. बाइंडर त्याचं चित्रांचं मुखपृष्ठ काढून वर रेक्झिन चढवतो आणि पाठीवर उरतो नुसता दाखल क्रमांक. नाव असलंच तर हाताने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. अशी दोनशे पुस्तकं ओळीने उभी असली की कुणालाही काही सुचणार नाही. म्हणून मी आधी कपाटाकडे जातच नाही. देवघेवीच्या टेबलावर, परत आलेल्या पुस्तकांचा जो ढीग अजून जागेवर लागलेला नसतो, तो उपसते. संध्याकाळी साडेसहा-सातला तो सगळ्यात उंच असतो. कुणीतरी नेऊन वाचलेली पुस्तकं ती, म्हणजे पहिली चाळणी आपोआप झालेली. मग शेवटचं पान उलटायचं. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. शिक्के दाटीवाटीने पडले असतील तर पुस्तक हातोहात जातंय. एखाद्यावर एके काळी भरपूर शिक्के आणि मग कित्येक वर्षं काहीच नाही असं दिसलं, तर ते मी हमखास घरी आणते. लोकांची आवड बदलली म्हणून मागे पडलेली उत्तम पुस्तकं मला अशीच सापडली आहेत.

दुसरं म्हणजे टेबलामागच्या माणसाशी बोला, पण ‘काही चांगलं आहे का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला ठरलेल्या पाच-सहा गाजलेल्या कादंबऱ्या पुढे येतात. शेवटचं काय आवडलं ते सांगा. त्याहून उपयोगी म्हणजे काय अर्ध्यात सोडलं आणि का, ते सांगा. ‘जंगलाबद्दल हवंय, पण शिकारकथा नको’ असं म्हटलं की आमच्या वाचनालयातले भाऊ क्षणभर छताकडे बघतात, मग एकच प्रश्न विचारतात, ‘ताई, जाडं चालते काय?’ चालतं म्हटलं की आत जाऊन जे आणतात ते मला कॅटलॉगमध्ये कधीच सापडलं नसतं. फक्त गर्दीच्या वेळी आणि बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी हे करू नका. आणि वेळा नीट विचारून घ्या. बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात. मे महिन्यात भर उन्हात जाऊन कुलूप बघायची वेळ येऊ नये.

हवं ते पुस्तक नसेल तर मागणी वही मागा. ती टेबलावर क्वचितच ठेवलेली असते, बहुधा खणात असते. इथे थोडं पैशाचं गणित समजून घेतलेलं बरं. राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. पण काही राज्यांत असतो तसा ग्रंथालय कर आपल्याकडे नाही. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं, आणि त्यात तुमच्या-माझ्या वर्गणीची भर. त्यातूनच पगार, वीजबिल, बाइंडिंग आणि नवी पुस्तकं. त्यामुळे खरेदी वर्षभर थोडी थोडी होत नाही. अनुदान आलं की होते, आणि मार्चअखेरच्या आत उरकायची धावपळ असते. त्या यादीत तुमचं पुस्तक यायला हवं असेल तर दिवाळीनंतर लगेच वहीत लिहून ठेवा. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, सगळं. नुसतं ‘शेअर बाजारावर काहीतरी’ असं लिहिलं तर ते वहीतच राहतं. त्याखाली आणखी दोन-तीन सभासदांनी सह्या केल्या तर समितीपुढे वजन पडतं.

आता माझा आवडता भाग, संदर्भ विभाग. ही पुस्तकं घरी मिळत नाहीत म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत आणि कपाटांना बहुतेक वेळा कुलूप असतं. पण तुम्ही या शहरात नवे आहात, तर शहर समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाडची (पुढे मध्य प्रदेशची) राजधानी होतं. त्यामुळे इथल्या जुन्या वाचनालयांत मराठीच्या जोडीला हिंदी पुस्तकं भरपूर आणि इंग्रजी सरकारी अहवालही असतात. सोलापूर-पुण्याकडच्या वाचनालयांत तुम्ही हे मिश्रण पाहिलं नसेल. नागपूर जिल्ह्याचं 1908 चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेला, कुठे मिळालं तर एक संध्याकाळ त्याला द्या. आज आपण ज्यांना वस्त्या म्हणतो त्यातली कितीतरी तेव्हा वेगळी गावं होती. महाराष्ट्र झाल्यावर निघालेलं जिल्हा गॅझेटियरही आहे, ते शासनाने ऑनलाइनही ठेवलंय. तसंच मराठी विश्वकोशाचं, घरबसल्या फुकट वाचता येतो. पण शेजारी-शेजारी ठेवून दोन गॅझेटियर ताडून बघण्यातली मजा मोबाइलवर येत नाही, हे माझं मत.

जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली हा याच विभागातला दुसरा खजिना. ‘हितवाद’ इथून 1911 पासून निघतोय, तेव्हा या शहराच्या पेपरांचा इतिहास काही लहान नाही. आमच्या शेजारच्या काकांना घराच्या कागदपत्रांसाठी एक जुनी जाहीर नोटीस हवी होती, ती अशाच फायलीत निघाली. मात्र महिना आणि वर्ष सांगितल्याशिवाय कुणी फाइल काढून देणार नाही, आणि द्यावीही नाही. तो कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कडा हातात येते. झेरॉक्सचा हट्ट धरू नका. मोबाइलवर फोटो काढू का, असं विचारा.

छोट्या वाचनालयात हे सगळं नसेलच. मग शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, आणि विदर्भातल्या लेखकांची पुस्तकं हवी असतील तर सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ. 1923 पासूनची संस्था आहे, झाशी राणी चौकात, मेट्रोने उतरून चालत जाता येतं. दोन ठिकाणी वर्गणी असणं अजिबात उधळपट्टी नाही.

दिवाळी अंकांची योजना चुकवू नका. बहुतेक वाचनालयं थोडी वेगळी रक्कम घेऊन पुढचे काही महिने अंक फिरवतात. सगळे विकत घ्यायला गेलं तर किती होतील याचा हिशेब करून बघा. अभ्यासिकेबद्दल तुम्ही विचारलं नाही, आणि तुम्हाला एवढ्यात लागणारही नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळीच जागा धरतात, त्यांना ती राहू द्या.

मुलीसाठी बालविभागाची वेगळी वर्गणी असते, अगदी किरकोळ. तिचा अर्ज तिच्याच अक्षरात भरू द्या आणि पुस्तक निवडताना तुम्ही पेपरच्या टेबलावर जाऊन बसा. ती सलग चार वेळा भुताच्या गोष्टी आणेल, आणू द्या. तुमच्या कार्डावर तिच्यासाठी पुस्तकं काढत बसलात तर ती तुमच्या निवडीची येतील आणि तशीच परत जातील.

आणि हो, अनामत रकमेची पावती कार्डासोबत न ठेवता घरच्या फाइलमध्ये ठेवा. तुमची बदलीची नोकरी आहे. वर्गणी बंद करताना ती पावती मागतात, आणि ती नसेल तर अर्ज-विनंत्या करत चकरा मारायची वेळ येते.