तळ्यापासून खाडीपर्यंत

प्रश्न : तळ्यातून निघून लगेच समुद्राला मिळणाऱ्या चिमुकल्या ओढ्याचा माशांना कितीसा उपयोग?

उत्तर : फार मोठा! माझा लाडका ओढा अलास्कातल्या जुनोजवळचा ऑक क्रीक. ऑक लेकमधून निघाला की जेमतेम अर्धा किलोमीटर धावून तो ऑक बे या खाडीला मिळतो. सॉकाय या जातीचे सॅल्मन मासे अंडी घालायला समुद्रातून याच वाटेने वर चढतात. त्यांची पिल्लं तळ्यात एक-दोन वर्षं वाढून मग समुद्राकडे निघतात. पिंक सॅल्मन या दुसऱ्या जातीची पिल्लं मात्र, अंडी घातलेली असतात त्या तळाच्या खडीतून बाहेर पडताच खारं पाणी गाठतात. ओढ्याच्या मुखाजवळच्या बांधावर या माशांची मोजदाद होते. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं, तापलेलं पाणीच ओढ्यात उतरतं. मला काळजी वाटते ती याचीच, कारण पिंक सॅल्मन 1970च्या दशकापेक्षा आता लवकर परततात, असं त्या नोंदी सांगतात.