ऊर्जा संक्रमण की ऊर्जा स्थित्यंतर?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत 'ऊर्जा संक्रमण' (म्हणजे कोळसा-तेल सोडून सूर्य-वाऱ्यासारख्या ऊर्जेकडे जाणे) वाचले की विजेला रोग जडल्यासारखे वाटते, त्याऐवजी 'ऊर्जा स्थित्यंतर' म्हणावे का?

रोगाला मराठीत लागण आहे, संसर्ग आहे. करोनाच्या दिवसांत हिंदी बातम्यांचे घाईघाईने मराठी झाले आणि 'संक्रमण' रुग्णालयात दाखल झाले. त्याआधी 'संक्रमणकाळ' वाचून कोणी नाकाला रुमाल लावत नव्हते. तेव्हा शब्द सोडू नका.

'स्थित्यंतर'वाले म्हणतात, आमचा शब्द जास्त शास्त्रीय. कसला शास्त्रीय? स्थिती अधिक अंतर. एक अवस्था संपली, दुसरी लागली. २०२४ साली जगाने कोळसा वापराचा विक्रम केला. मग कोळशाची अवस्था संपली काय?

आता खरी गंमत. संक्रमण आणि संक्रांत ही एकाच 'सम् + क्रम्'ची लेकरे. जर्मन लोक याच बदलाला 'एनेर्गीवेंडे' म्हणतात. १९८० मधल्या एका अभ्यासाच्या शीर्षकामुळे हा शब्द गाजला. 'वेंडे' म्हणजे वळणे, आणि तोच 'झोनेनवेंडे'मध्ये आहे, म्हणजे सूर्याचे वळणे, आपले अयन! सौरऊर्जेच्या गोष्टीला दोन्ही भाषांनी सूर्याच्याच चालीचे शब्द द्यावेत, हे मला भारी आवडते.

पण अयन आणि संक्रांत एक नव्हेत. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास पडत. आज सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि मकरसंक्रांत, म्हणजे सूर्याने मकर राशीत ओलांडून जाणे, येते १४-१५ जानेवारीला. माझे म्हणणे (कोशकारांना पटणार नाही, न पटो) असे की वळणे आणि ओलांडणे यांतली ही फट ऊर्जेतही तशीच्या तशी आहे. २०२५ मध्ये भारताची निम्मी स्थापित वीजक्षमता (उभारलेल्या प्रकल्पांची वीज करण्याची ताकद) बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू न जाळणारी झाली, ठरल्याच्या पाच वर्षे आधी. हे अयन. प्रत्यक्ष वीज मात्र अजून सुमारे सत्तर टक्के कोळशाची, कारण सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे लागतात, आणि साठवणीच्या बॅटऱ्या व पारेषण वाहिन्या पॅनेलांच्या वेगाने उभ्या राहत नाहीत. राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या म्हणून भर दुपारची सौरवीज रोखावी लागते. संक्रांत अजून दूर आहे. म्हणून आजच्या अवस्थेला मी 'ऊर्जायन' म्हणतो.

आणि 'ऊर्जा परिवर्तन' तर मुळीच नको. ते डायनॅमो करतो.