शिकायला आणि संशोधनाला एकच नेटवर्क सिम्युलेटर चालेल का? पॅकेट ट्रेसर, जीएनएस३ की एनएस-३?

एकच नाही चालणार. (नेटवर्क सिम्युलेटर म्हणजे खरी यंत्रं न जोडता संगणकावरच नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर.)

शिकायचं असेल तर डोळे झाकून पॅकेट ट्रेसर घ्या. सिस्कोचं आहे, फुकट मिळतं. दोन पीसी, मधे राउटर एवढंच मांडा, सिम्युलेशन मोड लावा आणि पिंग करा, म्हणजे एका पीसीवरून दुसऱ्याला चाचणीचा संदेश पाठवा. पहिलं पिंग बऱ्याचदा वाया जातं, कारण आधी एआरपीची, म्हणजे ‘या आयपी पत्त्याचा हार्डवेअर पत्ता कोणता’ अशी, विचारणा व्हावी लागते. डेटाचं पाकीट (पॅकेट) टप्प्याटप्प्याने सरकताना हे सगळं समोर दिसतं. त्यावर क्लिक केलं की नेटवर्कच्या कोणत्या थरात कोणता हेडर (डेटाच्या पुढे जोडलेली माहिती) लागला तेही कळतं. पुस्तकातल्या आकृत्या घोकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जीएनएस३ राउटरची खरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवू शकतं, म्हणजे तो एम्युलेटर. सिस्कोची इमेज (त्या ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल) मात्र परवान्यासह तुम्हालाच मिळवावी लागते.

शोधनिबंधासाठी पॅकेट ट्रेसरचे आकडे कोणी धरत नाही. तिथे एनएस-३ किंवा ओमनेट++ हा दुसरा सिम्युलेटर. एनएस-३ मुक्त स्रोत आहे, पण बहुतेक सगळं सी++ मध्ये लिहायचं. बटणंबिटणं विसरा, सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: रँडम आकड्यांचं सीड (ते जिथून सुरू होतात तो आकडा) आणि रन क्रमांक मुळातच ठरलेले असतात, त्यामुळे तोच प्रोग्राम कितीदाही चालवा, उत्तर तेच. दरवेळी ‘आरएनजीरन’ची, म्हणजे त्या रन क्रमांकाची, किंमत बदला, बरेच रन घ्या आणि सरासरीबरोबर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या मर्यादांमध्ये असण्याची शक्यता आहे त्या) द्या. एकाच रनवर काढलेला आलेख परीक्षक लगेच पकडतात.

विषय एसडीएन (सॉफ्टवेअरने नियंत्रित केलेलं नेटवर्क) असेल तर थेट मिनीनेट हा एम्युलेटर बघा, लिनक्सवर हात बसलेला असला म्हणजे झालं.