प्रश्न तुमचे: भाच्याचं नाव धार्मिक संस्थेच्या कार्यक्रमात घालावं का?

प्रश्न: ताई, माझा भाचा १७ वर्षांचा आहे, चोरी आणि मारामारीच्या केसमध्ये सुधारगृहात आहे, लवकरच सुटेल. तिथे एका धार्मिक संस्थेचे लोक येतात, आमच्या कार्यक्रमात घेतो, सुटल्यावरही सांभाळतो म्हणतात. बहिणीला घाई झालीये, पण पोराला देवाधर्माचं काही नाही. नाव कसं घालतात, आणि तो नाही म्हणाला तर सुटका अडेल का?
— एक मामा

उत्तर: आधी शेवटचं सांगते, सुटका अडता कामा नये आणि कोणी तसं सुचवत असेल तर ती संस्था नकोच. कोठडीतल्या अल्पवयीन मुलांसाठी युनोचे १९९० चे नियम आहेत, हवाना नियम म्हणतात, त्यातला ४८ वा बघा, मुलाला स्वतःचा धर्म पाळता आला पाहिजे आणि प्रार्थनेला बसायचं नसेल, धार्मिक शिकवण किंवा समुपदेशन नको असेल तर तसं म्हणताही आलं पाहिजे. प्रत्यक्षात सगळीकडे पाळतात असं नाही, पण अधिकाऱ्यांशी बोलताना हा नियम हाताशी असू द्या.

नाव जातं ते मुलाच्या अर्जावरून, प्रोबेशन ऑफिसरच्या (म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) शिफारशीवरून, नाहीतर कोर्टच अट घालतं. कोर्टाचं मला पटत नाही, कारण न्यायाधीशांनी सांगितल्यावर पोरगं नाही कसं म्हणणार, निदान धर्माशी संबंध नसलेला दुसरा पर्याय तरी समोर ठेवायला हवा ना. मग फॉर्म, पालकांची सही, मुलाखत. ही मुलाखत कशी घेतात त्यावरून संस्था कळते! चांगले लोक देवाला मानतोस का यावर अडून बसत नाहीत, ते विचारतात सुटलास की पहिल्या रात्री झोपणार कुठे, जुनी गँग दारात आली तर काय करशील, शाळा कितवीत सुटली, घरात कोणाशी पटतं, आणि त्यातूनच पुढचा प्लॅन बनतो.

आता संस्थावाले यशाचे आकडे दाखवतील तेव्हा जरा सांभाळून. टेक्सासच्या तुरुंगात १९९७ ला इनरचेंज नावाचा ख्रिस्ती कार्यक्रम सुरू झाला, मोठ्या कैद्यांसाठी, त्यावरचा २००३ चा अभ्यास आहे. पूर्ण करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत परत आत गेले फक्त ८ टक्के, कार्यक्रमात नसलेले तसेच कैदी २० टक्के. भारी वाटतं ना? पण सुरुवात करून कार्यक्रम पूर्ण न केलेलेही धरले तर २४ टक्के होतात, म्हणजे फायदा गायबच. शिवाय "पूर्ण केला" म्हणायला बाहेर आल्यावर सलग तीन महिने नोकरी टिकवावी लागायची, मग ज्याची नोकरी टिकली तो परत आत कमी जाणार हे उघडच आहे. म्हणून सरळ विचारा, एकूण किती मुलं आली आणि मधेच गेलेल्यांचं काय झालं.

अजून एक, आत भेटायला येणारा माणूसच बाहेरही भेटणार का? गेटवर नवीन चेहरा दिला तर पोरं दोन आठवड्यांत फोन उचलायचं बंद करतात. आणि स्वयंसेवकांची पोलिस पडताळणी झालीये का, काही खटकलं तर संस्थेबाहेर तक्रार कोणाकडे करायची, हेही विचाराच, धार्मिक माणसं आहेत म्हणून संकोच नको.

पुढच्या भेटीला बहिणीला सोबत न्या पण थोडा वेळ तुम्ही एकटेच भाच्याशी बोला, आईसमोर तो हो च म्हणेल. फॉर्म त्याला वाचू द्या, त्याच दिवशी सही मागू नका.