दहा हजार वर्षांचं उत्तर तपासलं कोणी?

चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी जळगावला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेतलंय, तिला क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये जायचंय. वडील विचारतात, "सुपरकॉम्प्युटरला दहा हजार वर्षं लागतील ते गणित त्या मशीनने 200 सेकंदांत केलं म्हणे, मग ते बरोबर आलं हे तपासलं कोणी? पोरीला याच्या मागे जाऊ द्यायचं की सरळ बीएड करायला लावायचं?"

भाऊ, तुम्ही जे विचारलंय ना त्याच्यावरच जगभर लोक पीएचडी करताहेत, खरं सांगतो.

तो दावा गुगलचा, 2019 चा, 53 क्युबिटची सायकॅमोर चिप (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, शून्य आणि एक यांच्या मिश्रणातही राहू शकणारा). आता बघा, काही उत्तरं काढायला अवघड पण तपासायला सोपी असतात, 3233 चे अवयव शोधायला वेळ जाईल पण कोणी 61 आणि 53 सांगितलं की गुणाकार केला, झालं. गुगलचं गणित तसलं नव्हतं. क्युबिटवर कशाही क्रमाने क्रिया लावायच्या (याला रँडम सर्किट म्हणतात), त्यातून शून्य-एकच्या माळा काढायच्या, आणि त्या बरोबर प्रमाणात येताहेत का हे बघायचं तर आपल्या साध्या कॉम्प्युटरलाच ते सगळं गणित करावं लागतं, जे त्याला झेपत नाही म्हणून तर दावा! मग त्यांनी लहान आणि सोप्या केलेल्या सर्किटवर जुळवून बघितलं आणि मोठ्याचा अंदाज बांधला. दहा हजार वर्षांचा आकडाही टिकला नाही, आयबीएमने लगेच अडीच दिवस सांगितले, पुढे चिनी संशोधकांनी 512 जीपीयू (एकाच वेळी ढीगभर गणितं करणाऱ्या चिप्स) लावून साधारण 15 तासांत तेच काम केलं. माझ्या मते ही फसवणूक नाही, तपासणी अशीच पुढे सरकते.

2018 मध्ये संगणकशास्त्रज्ञ ऊर्मिला महादेव यांनी दाखवलं की साधा कॉम्प्युटर प्रश्न विचारून क्वांटम मशीनची उलटतपासणी करू शकतो. पण त्यातही एक गणित क्वांटम मशीनलाही सुटत नाही असं धरून चालावं लागतं, आणि मोठ्या गणितासाठी ही पद्धत चालवायला आजची मशिन्स फार चुका करतात. म्हणजे काम खूप बाकी आहे.

पोरीला लिनियर अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करायला सांगा, पायथन शिकू द्या, क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं किस्किट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅपटॉपवर क्वांटम मशीनची नक्कल करत एकेक क्युबिट वाढवत जाऊ दे, दरवेळी मेमरी दुप्पट लागते, 30 क्युबिटला 16 जीबी, तिथे लॅपटॉप हात टेकतो आणि अडचण कुठेय ते तिला स्वतःच दिसेल. हे करताना मजा आली तर तिला अडवू नका.

मात्र नुसत्या बीएस्सीवर यात नोकरी नाही, एमएस्सी पाहिजेच आणि बहुतेक ठिकाणी पीएचडी, घरात तेवढी वर्षं थांबायची तयारी आहे का ते आत्ताच बोलून घ्या. केंद्राने 2023 मध्ये नॅशनल क्वांटम मिशनला 6000 कोटींच्या वर मंजूर केलेत, त्यामुळे संशोधनाला पैसा आहे. बीएड नंतरही करता येतं. एमएस्सी प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा असते, तिचे फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, तिसऱ्या वर्षाला गेली की लगेच भरायला लावा.