बर्गंडीत तीन दिवस वाइन आणि जेवण: गाइड घ्यावा का, दिवस कसे लावावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या मध्यात पॅरिसहून बर्गंडी या फ्रान्सच्या वाइनप्रदेशात तीन दिवस, नवरा-बायको दोघंच, त्यातलं एक शाकाहारी. वाइनची ओळख नाशिकच्या टेस्टिंग रूमपुरती. एक जेवण मिशेलिन स्टारवाल्या ठिकाणी करायचंय. तर गाइडेड टूर घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण फिरावं?

गाइड घ्या, पण एकाच दिवसासाठी. बाकीचे दोन दिवस स्वतः फिरा. त्याआधी तारखांचं बघू, कारण खरी अडचण तिथे आहे.

नाशिकला द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि वायनऱ्या त्याचा उत्सव करतात. पाहुणे जितके जास्त तितकं बरं. बर्गंडीत तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येते आणि नेमके तेव्हाच छोटे उत्पादक दार लावून घेतात. घरातली चार माणसं, हंगामी मजूर आणि रात्री उशिरापर्यंत चालणारं तळघर (वाइन बनते-मुरते ती जागा) असा तो संसार असतो. तुम्हाला ग्लास भरून द्यायला माणूसच नसतो. तारखा बदलता येत असतील तर मे-जून किंवा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. नोव्हेंबरचा तिसरा रविवार टाळा. त्या दिवशी बोन या इथल्या वाइनच्या मुख्य गावात ऑस्पिसचा (जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा) वाइन लिलाव असतो आणि गावात खोली मिळत नाही. तिकिटं झालीच असतील तर बोनमधल्या मोठ्या वाइन व्यापारी कंपन्यांवर भिस्त ठेवा. पात्रियार्श, जोझेफ द्रुआं यांची तळघरं गावाच्या पोटातच आहेत. वेळ मात्र आधी ठरवा.

आता गाइड कशासाठी? वाइनची माहिती पुस्तकातही मिळते. बर्गंडीत गाइडला पैसे द्यायचे ते दार उघडून देण्यासाठी. इथले चांगले उत्पादक पाच-दहा हेक्टरवाले, त्यांचा माल बाहेर पडायच्या आतच वाटला गेलेला असतो. अनोळखी पर्यटकासाठी ते वेळ का काढतील? वर्षानुवर्षं माणसं आणणाऱ्या गाइडसाठी काढतात. म्हणून बुकिंग करताना त्याला एवढंच विचारा: किती तळघरं, प्रत्येकात किती वाइन, त्यातल्या प्रीमिये क्रू (वरच्या दर्जाच्या मळ्याच्या) किती, ग्रां क्रू (सर्वांत वरच्या दर्जाची) एखादी तरी आहे का, आणि व्हॅनमध्ये माणसं किती. आठच्या वर माणसं नकोत. ‘चार तळघरं, वीस वाइन’ अशी जाहिरात दिसली की पुढे जा. अर्ध्या दिवसाच्या सामायिक फेरीला माणशी साधारण शंभर युरो आणि जेवणासह पूर्ण दिवसाला त्याच्या दुप्पट-अडीचपट धरा.

वीस वाइन का नकोत, याचा हिशोब करून बघा. एका चवीला साधारण ४ सेंटीलिटर ओततात. तीन तळघरांत सहा-सहा म्हणजे अठरा वाइन, ७२ सेंटीलिटर. गिळलं तर माणशी जवळजवळ अख्खी बाटली पोटात. पाचव्या-सहाव्या वाइननंतर जीभ तशीही बधिर होते. दिवसाला दोन तळघरं ठेवा, फार तर तीन, आणि थुंका. थुंकायचं भांडं प्रत्येक टेबलावर असतं आणि ते वापरणं शिष्टाचारातच बसतं, संकोच करू नका. गाल आत ओढा, ओठांचा चंबू करा, बारीक आणि जोरात सोडा. घरी बेसिनपाशी पाण्याने सराव करून जा, नाहीतर पहिली धार हमखास शर्टावर येते.

भाड्याची गाडी नको, याचं कारणही हेच. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नवख्या चालकाला ०.२, आणि द्राक्षमळ्यांच्या रस्त्यांवर तपासणी होते. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दिजों शहर दीड तास आणि पुढे स्थानिक गाडीने बोन वीस-पंचवीस मिनिटं. मुक्काम बोनलाच करा, दिजोंला नको. बोनहून सगळं जवळ आहे. बोन ते सांतने हा साधारण २२ किलोमीटरचा सायकलमार्ग मळ्यांमधूनच जातो आणि पोमार, वॉल्ने, मर्सो, पुलिन्यी ही गावं वाटेवर लागतात. दुसरा दिवस त्याला द्या. इलेक्ट्रिक सायकल घ्या, कारण चढ दिसतात त्याहून जास्त आहेत. ०.५ ची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. ॲपच्या भरवशावर खेड्यात उभे राहू नका.

या मार्गावर एक जागा मुद्दाम बघा. पुलिन्यी-मोंराशे गावावरून वर गेलं की एक अरुंद रस्ता लागतो. रस्त्याच्या वरच्या अंगाला मोंराशेचा मळा, जेमतेम आठ हेक्टर. खालच्या अंगाला बातार-मोंराशे. दोन्ही ग्रां क्रू, दोन्हीकडे शार्दोने हेच पांढरं द्राक्ष, पण वरच्याची किंमत खालच्याच्या कितीतरी वर. उताराकडे नीट बघा: वर माती पातळ, चुनखडी जवळ, पाण्याचा निचरा भरभर, खाली येईल तशी माती जाड आणि भारी. आणखी खाली गावाच्या नावाची वाइन, आणि मोठा रस्ता ओलांडून सपाटीवर गेलात की बहुतेक नुसती ‘बर्गंडी’. बाटलीवरची उतरंड म्हणजे प्रदेश, गाव, प्रीमिये क्रू, ग्रां क्रू. ती पाच मिनिटांच्या चालीत पायाखाली येते. अशा १२४७ तुकड्यांना, म्हणजे ‘क्लिमां’ना, २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं.

मालकाचं नाव मात्र विसरू नका. क्लो द वूजो हा भिंतीने वेढलेला पन्नासेक हेक्टरचा एकच मळा, सिस्टर्शियन मठवासीयांनी उभा केलेला. आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. सगळ्यांच्या बाटलीवर ‘ग्रां क्रू’ लिहिलेलं असतं, पण वाइन एकसारखी नसते. साधी बाटली चांगल्या हाताची घ्यावी, नावाजलेला मळा आळशी हाताचा घेऊ नये.

तळघरात काय करायचं? आत वर्षभर १२-१३ अंश, तेव्हा उन्हाळ्यातही शाल हवी. अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल त्या दिवशी नको. तुमच्यापेक्षा शेजारच्याला त्याचा जास्त त्रास होतो. आधी तासभर पेपरमिंट, बडीशेप, कॉफी टाळा. ग्लास देठाला धरा. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा. मग न हलवता एकदा हुंगा, फिरवून दुसऱ्यांदा. घोट तोंडात पाच-सहा सेकंद घोळवा, ओठातून जराशी हवा आत ओढा, थुंका आणि मग मोजा की चव किती वेळ टिकते. रेड असेल तर हिरड्यांना किती ओढ लागते तेही बघा. बर्गंडीत बऱ्याच ठिकाणी रेड आधी आणि व्हाइट नंतर देतात. चूक समजू नका. पिनो नुआर या काळ्या द्राक्षाची नाजूक रेड इथल्या दणकट व्हाइटपुढे फिकी पडते, म्हणून तसं.

सर्वांत जास्त कळेल ते एकाच वेळी दोन ग्लास शेजारी ठेवून. ‘याच गावाची साधी आणि प्रीमिये क्रू, एकाच वर्षाची, शेजारी शेजारी मिळेल का?’ असं विचारा; बहुतेक जण खूश होऊन देतात. २२८ लिटरच्या पिंपातून नळीने काढून दिलेली वाइन आंबट, क्वचित बुडबुडेदार लागू शकते. ती अजून घडतेय, तिच्यावरून मत बनवू नका. आणि छोट्या उत्पादकाने पैसे न घेता चव दिली, तर एक-दोन बाटल्या घ्याव्यात, अशी तिथली रीत आहे.

जेवणाकडे वळू. स्टारवालं जेवण दुपारी करा. दुपारचा मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर तेच असतं. बोनहून पंधरा-सोळा किलोमीटरवर शान्यीला तीन स्टारचं लामलुआझ आहे, बोनमध्येही एक स्टारवाली ठिकाणं आहेत. दोन-तीन महिने आधी बुक करा. कार्ड नंबर मागतात आणि न गेल्यास पैसे कापतात. बरीच ठिकाणं आठवड्यात दोन दिवस बंद असतात, तेव्हा आधी जेवणाचा दिवस पक्का करा आणि टूर त्याभोवती बसवा. सकाळी दहाला एकच तळघर, सव्वाबाराला टेबल, अडीच-तीन तास जेवण, संध्याकाळ मोकळी. दोन तळघरं करून तिथे जाऊ नका. पैसे वाया जातात.

प्रत्येक पदार्थाबरोबर वाइनची जोडी घ्यायची तर बिल जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. दोघांत एकानेच घ्या, दुसऱ्याने एखाद-दोन ग्लास. सोमेलिए (वाइन वाढणारा जाणकार) बाटलीतलं थोडं ओतून बघायला देतो ते वाइन बिघडली नाही ना हे बघायला, आवडली का म्हणून नव्हे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलंय, बेलाशक परत करा. बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर तो दोष नाही. नळाचं पाणी फुकट मिळतं, कॅराफ (पाण्याचा जग) मागा. सर्व्हिस बिलातच असते.

शाकाहाराबद्दल बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, फ्रेंचमध्ये, आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. मांस, मासे, मांसाचा रस्सा, जिलेटिन, चरबी काहीच चालत नाही, अंडं-दूध चालतं की नाही, असं मोडून लिहा. नाहीतर फसगत ठरलेली: रेड वाइनमधली अंडी ‘आं मरेत’ शाकाहारी वाटतात, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, भाजीच्या सॉसखाली वासराच्या हाडांचा अर्क असतो. एपुआस, काँते ही चीज परंपरेने वासराच्या रेनेटवर (पोटातल्या, दूध जमवणाऱ्या विरजणासारख्या द्रव्यावर) जमवलेली असतात, आणि गूझेर या चीजच्या पोकळ गोळ्यांतही तसलंच चीज येतं. काही वाइन अंड्याच्या पांढऱ्याने किंवा माशाच्या जिलेटिनने निवळलेल्या असतात. कटाक्ष असेल तर उत्पादकाला तिथेच विचारा. कांदा-लसूणही नको असेल, तर मोठ्या हॉटेलला महिनाभर आधी कळवा. खेड्यातल्या बिस्त्रोत ते जमणार नाही.

परत येताना भारतात माणशी दोन लिटर मद्य ड्यूटीशिवाय आणता येतं. ७५ सेंटीलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, वर ३७.५ ची एक अर्धी बाटली बसते. तिसरी पूर्ण बाटली बसत नाही, आणि दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. एकाच दुकानातून शंभर युरोंच्या वर खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून तिथेच देताक्सचा (पर्यटकांना कर परत मिळण्याचा) फॉर्म बनवून घ्या. छोटे उत्पादक तो बहुधा देत नाहीत, बोनमधली दुकानं देतात. विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी पाब्लो नावाच्या कस्टमच्या मशीनवर फॉर्म स्कॅन करा, कारण कस्टमवाल्याने माल दाखवा म्हटलं आणि बॅग आत गेलेली असली, तर परतावा गेला.